सतरा नंबरची चकती

"मॅडम, बोगद्यात माणूस चिरडलाय."

इंदापूरच्या फौजदार योगिनी भरदुपारी कळंबजवळच्या बोगद्यात उतरल्या. खडक कापणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी गोकुळ पडला होता. छातीवर दीड क्विंटलची पोलादी चकती. तिची धार सगळीकडून सारखी झिजलेली, गंजून तांबूस झालेली.

यंत्राच्या तोंडाला अशा चाळीस चकत्या. खडकावर फिरून त्या झिजतात. त्या बदलायचं काम गोकुळचं.

"सतरा नंबरची जाम झाली व्हती," फोरमन विजयसिंह म्हणाला. "एकटाच काढाय गेला, हातनं सुटली. लई बेफिकीर गडी."

"यंत्र बंद होतं?"

"सकाळधरनं."

मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून त्याच्या नावावर बिल फाडणं सोपं. योगिनींना याची मनस्वी चीड होती.

पंचनाम्यात गोकुळच्या करदोट्याला बांधलेली किल्ली निघाली. त्याची बायको निकिता वर बसून होती.

"घरची आहे?"

"न्हाय, कामाची. आत जाताना कुणी यंत्र चालू करू नये म्हून बटणाला सोताचं कुलूप लावायचे. मॅडम, त्ये बेफिकीर न्हवते. तसं कागदावर नका लिवू."

योगिनींनी मेकॅनिक सोहेलला गाठलं. "जाम झालेली चकती कशी झिजते?"

"फिरतच न्हाय, मग एकाच बाजूनं घासती. चपटी व्हती."

"नुकती काढलेली?"

"धार चकाकती तिची."

योगिनी बॅटरी घेऊन आत गेल्या. बाहेर आल्यावर त्यांनी विजयसिंहला समोर उभं केलं.

"सतरा नंबरची चकती जागेवरच आहे, एका बाजूनं चपटी. गोकुळनं ती काढलीच नव्हती. त्याच्या छातीवरची भंगारातली, त्याचीच चूक दिसावी म्हणून तुम्ही गडगडत आणून ठेवलेली. कारण तो आत असताना तुम्ही यंत्र फिरवलंत."

"त्यानं कुलूपच लावलं न्हवतं!"

बोलून गेला आणि पांढराफटक पडला.

"लावलं होतं. ते कुलूप बंद केल्याशिवाय किल्ली निघतच नाही. किल्ली त्याच्या अंगावर होती. कुलूप कुठंय?"

कापलेलं कुलूप विजयसिंहच्याच पेटीत निघालं.

"वाटलं, जेवाय गेला आन् कुलूप काढाय इसरला. आज पाच मीटर कापायचं व्हतं."

"आत एकदा हाक मारायची होती."



किल्ली मुद्देमालात गेली. योगिनींनी निकिताला कागद वाचून दाखवला. "मयताने आत जाण्यापूर्वी कुलूप लावलेले होते."

"परत वाचा," निकिता म्हणाली.

योगिनींनी परत वाचलं.