उतार अचूक आहे

त्या दोघांची पहिली नजरानजर झाली ती एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या सिंकखाली.

ती एका बाजूने वाकून आत बॅटरी मारत होती. तो पलीकडून उताणा पडून नळीचा सांधा आवळत होता. उजेड थेट त्याच्या डोळ्यांत गेला.

"अहो, डोळे फोडता का माझे?"

"कोण आहे आत?"

"प्लंबर. बाहेर कोण आहे?"

"तपासणी."

एवढं ऐकून कुठलाही शहाणा माणूस धडपडत उठून उभा राहिला असता. ती अन्न निरीक्षक होती. हॉटेलवाले तिला पाठीमागे 'बॅटरीबाई' म्हणायचे आणि समोर आली की ताठ व्हायचे. हा मात्र पडल्या जागी हसला. गालावर काळ्या चिकटाचा पट्टा, आणि त्यातून ते हसू...

"मग मॅडम, तो उजेड जरा डावीकडे धरा. पाना दिसत नाहीये माझा."

आणि तिने धरला! नऊ वर्षांच्या नोकरीत तिला कोणी काम सांगितलं नव्हतं. खुर्ची द्यायचे, थंड द्यायचे, मागे फिरली की शिव्या द्यायचे. बॅटरी धरा म्हणणारा हा पहिलाच.

पाना सापडला, सांधा आवळला गेला. मग तिने आपलं नेहमीचं काम केलं. मगभर पाणी फरशीवर ओतलं आणि बघत उभी राहिली. पाणी कुठेही न थबकता, न पसरता, एका रेषेत मोरीकडे निघून गेलं.

"हा उतार तुम्ही दिलाय?"

"हो."

"अचूक आहे."

त्याचा पाना हातातच राहिला. तो तिच्याकडे असा बघायला लागला, की तिला वाटलं आपल्या तोंडाला काही लागलंय का...

"काय झालं?"

"काही नाही. पुन्हा एकदा म्हणता?"

"काय?"

"तेच... उताराचं."

"उतार अचूक आहे," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, लाजली. मोरीच्या उतारावरून लाजलेली जगातली पहिली बाई तीच असावी.

त्यानंतर तो भेटतच राहिला. कधी तिच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात 'इकडून चाललो होतो' म्हणून. दर मंगळवारी, बरोबर सव्वापाचला, इकडून चालणारा माणूस! एकदा पावसात तिच्याकडे छत्री नव्हती आणि त्याच्याकडे होती ती मोडकी. बस स्टॉपपर्यंत दोघं एका काडीखाली चालले. त्याचा डावा खांदा भिजला, तिचा उजवा. मधले दोन खांदे मात्र कोरडे राहिले, आणि घरी जाईपर्यंत तिला तो कोरडा खांदाच जाणवत राहिला.

अशाच एका मंगळवारी, तिच्या थर्मासमधला चहा झाकणातून पिता पिता, तो म्हणाला, "एक दिवस नीट बसून जेवू या ना. चांगल्या ठिकाणी. म्हणजे... रोमँटिक वगैरे."

"बघू," एवढंच ती म्हणाली.

लोकांना वाटतं प्रेमात पडणं अवघड असतं. काही अवघड नसतं. अवघड असतं ते, ज्या शहरातली सगळी स्वयंपाकघरं तुम्ही आतून बघितलीत, त्या शहरात जेवायला जाणं. आणि तिची खरी भीती तर वेगळीच होती. तीन वर्षांपूर्वी आलेलं एक स्थळ. चांगला शिकलेला, गुळगुळीत बोलणारा. हॉटेलात शिरल्या शिरल्या त्याने व्यवस्थापकाच्या कानात सांगितलं, "बाई कोण आहेत माहितीये ना?" मग काय! खिडकीजवळचं टेबल, फुलं, चार माणसं सेवेला. तो राजासारखा जेवला. तिच्या घशाखाली घास उतरला नाही. कोणी तिच्याकडे माणूस म्हणून बघितलंच नव्हतं. आचाऱ्याने नाही, मालकाने नाही, आणि जो लग्न करायला निघाला होता त्याने तर नाहीच.

"जा की मग," घरी हे सांगितल्यावर आई म्हणाली. ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. "फक्त त्याच्यासमोर टेबलाखालून बोट फिरवू नकोस."

"मी फिरवत नाही!"

"आपल्या घरच्या टेबलाखालून सुद्धा फिरवतेस. मामा आला होता तेव्हा ग्लास उजेडात धरून बघितलास. बिचारा पाणी न पिता गेला."

मंगळवारी व्हरांड्यात निवड सुरू झाली.

"तळ्याकाठचं?" त्याने विचारलं.

"फ्रीजचं दार लागत नाही. दोरीने बांधलंय."

"अकराव्या मजल्यावरचं? वरून सगळं शहर दिसतं म्हणे."

"वरून पाण्याच्या टाकीत कबुतरं पण दिसतात."

"ते फुलांच्या कमानीचं... नको, तिथली मोरी मीच तीनदा मोकळी केलीय. त्यातून काय काय निघालं ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही माझ्याशी बोलणार नाही."

"सांगा तर."

"पहिल्याच भेटीत?"

"ही सहावी आहे."

"मोजताय?" तो हसला. तिने थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं.

"आणि ते मेणबत्त्यांचं?" तो म्हणाला. "सगळ्या याद्यांमध्ये पहिलं आहे."

"अंधार असतो तिथे."

"अहो, अंधारच तर रोमँटिक."

"अंधार म्हणजे काहीतरी लपवायचं असतं," ती ठामपणे म्हणाली. "ज्याचं ताट स्वच्छ, तो दिवा लावतो."

तरी शेवटी गेले ते मेणबत्त्यांच्याच हॉटेलात, कारण कुठेतरी जायलाच हवं होतं. संध्याकाळी सातची वेळ. तिने निळा ड्रेस घातला होता, केस मोकळे सोडले होते. वाटलं, कोणी ओळखणार नाही. बसल्यावर दोन मिनिटं सगळं छान होतं. मेणबत्तीच्या उजेडात त्याचे डोळे... तो काहीतरी बोलायला पुढे झुकला...

आणि भक्कन सगळे दिवे लागले!

व्यवस्थापक धावत आला, मागे टोप्या चढवत वाढपी, त्यांच्या मागे आचारी, हातात साफसफाईचं रजिस्टर. शेजारच्या टेबलावरचं जोडपं बिचकून वेगळं झालं. "मॅडम, आधी कळवलं असतं तर... आत येता का? सगळं उघडून दाखवतो."

तिने मान खाली घातली, तेव्हा लक्षात आलं. तिचं बोट टेबलाच्या कडेखाली होतं. त्या बोटानेच घात केला होता. आणि समोर हा, प्रेमाचं काहीतरी बोलायला झुकलेला माणूस, टेबलाखाली वाकून म्हणत होता, "इथे पाणी ठिबकतंय वाटतं."

सूप यायच्या आत दोघं बाहेर पडले. फुटपाथवर तो हसत सुटला. ती हसली नाही.

"तुम्हाला गंमत वाटते," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. "नऊ वर्षं झाली. हे शहर माझ्यामुळे कमी आजारी पडतं, आणि एक माणूस, एक माणूस सुद्धा मला बघून खरं हसत नाही. मला एका संध्याकाळपुरतं साधं गिऱ्हाईक व्हायचं होतं. बस. एवढंच मागितलं होतं."

त्याचं हसू विरलं. त्याने हातातल्या हेल्मेटचा पट्टा उघडला, मिटवला.

"एक जागा आहे," तो म्हणाला. "कुठल्याच यादीत नाही. रविवारी सहाला याल?"

"कुठली?"

"सांगणार नाही. बॅटरी आणा हवी तर."

रविवारी ती गेली. बॅटरी पर्समध्ये होती. रिमझिम चालू होती, रस्त्याच्या दिव्यांचे ओले गोळे डांबरावर पडले होते. एका अरुंद गल्लीत, शिवणयंत्रांच्या दुकानाशेजारचा जिना. चार पायऱ्या चढली आणि पाय थांबले. दाराच्या चौकटीवर लाखेचा तांबडा डाग होता.

तो डाग तिचाच होता. दोन वर्षांपूर्वी हे हॉटेल तिने सील केलं होतं. मालकीण जिन्यात उभी राहून ओरडली होती, "तुला कधी सुखाचा घास मिळणार नाही, बाई!" तो आवाज कित्येक दिवस तिच्या कानात होता.

ती गर्रकन वळली. "यांनी सांगितलं तुम्हाला, मला आणायला? काय काम आहे त्यांचं? परवाना? सही?"

"काय? नाही हो..."

"सव्वापाचच्या फेऱ्या यासाठी होत्या?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, दोन मिनिटं आत या. मग जा. मी अडवणार नाही."

दार उघडलं. मालकीण दारातच होती. तिचे हात पिठाने भरलेले, कपाळावर घाम. तिने बॅटरीबाईकडे बघितलं, आणि ही नऊ वर्षांच्या सवयीने ताठ झाली, आता ते खोटं हसू येणार म्हणून.

मालकीण हसलीच नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आलीस तू," ती म्हणाली. "दोन वर्षं वाट बघतेय. दुसऱ्या तपासणीला तू आलीस तेव्हा मी दवाखान्यात होते. तुझ्या कार्यालयात आले होते दोनदा, शिपायाने हाकलून दिलं. म्हणाला, ज्यांच्यावर कारवाई झालीय त्यांनी भेटायचं नाही." तिने कोपराने डोळे पुसले. "ते बघ, कोण बसलंय."

गल्ल्यापाशी एक म्हातारे गृहस्थ लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर करून हात हलवला.

"माझे वडील. तू सील ठोकलंस ना, त्याच्या आधी सहा महिने पोट धरून पडलेले. डॉक्टर झाले, औषधं झाली. तुझ्या कागदात होतं, मोरी उकरून बघा. मी तुला काय काय बोलले, आठवून लाज वाटते. या प्लंबरने फरशी उचलली, तर खाली नळी फुटलेली, आणि घाण पाणी आमच्या पिण्याच्या टाकीत झिरपत होतं. तेच पाणी आम्ही न उकळता बापाला पाजत होतो. तू दार बंद केलंस म्हणून ते आज लसूण सोलतायत, बाई."

लोक लाच देतात, धमक्या देतात, हे तिला ठाऊक होतं. आभार कसे घ्यायचे ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने नुसतीच मान हलवली. आणि तेव्हा तिला गल्ल्यामागची भिंत दिसली.

चौकटीत एक कागद होता. तिच्याच दुसऱ्या तपासणीच्या अहवालाचं शेवटचं पान. त्यातल्या एका ओळीखाली निळ्या पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

*मोरीचा उतार अचूक आहे.*

"ती रेघ माझी," प्लंबर मागून म्हणाला. आवाज इतका हळू, की पावसातून कसाबसा आला. "पंधरा वर्षं हे काम करतोय. नळ गळला तर शिव्या, नाही गळला तर कोण आठवण काढतं? माझे वडीलही प्लंबर, त्यांचंही आयुष्य तसंच गेलं. आणि कुणीतरी, मला न बघता, न ओळखता, ते लिहिलं. घरी जाऊन आईला वाचून दाखवलं मी. सही बघितली खालची, पण ती सही अशी, की डॉक्टर बरा!"

ती रडता रडता हसली.

"मग दोन वर्षांनी सिंकखाली पडलो होतो... आणि वरून तेच शब्द आले. तेव्हाच कळलं, ही ती." तो थांबला. "सव्वापाचच्या फेऱ्या यासाठी होत्या. दुसरं काही काम नाही माझं तुमच्याकडे. म्हणजे... आहे. जन्मभराचं आहे. पण आधी जेवून घेऊ."

कोपऱ्यात एकच टेबल मांडलेलं होतं. त्याच्या डोक्यावर दोन ट्यूबलाइट, दवाखान्यासारख्या लख्ख.

"तुम्हाला सगळं दिसायला हवं ना," तो ओशाळून म्हणाला. "जादाची एक मीच लावलीय. प्लंबरने केलेलं वायरिंग आहे, तेवढं सांभाळून घ्या."

मालकिणीने गरम ब्रेड आणला, वाफाळतं सूप आणलं. "आत येऊन बघतेस?" तिने मनापासून विचारलं. "सगळं उघडंच आहे."

स्वयंपाकघराचं दार तीन पावलांवर होतं. पर्स मांडीवर होती, बॅटरी पर्समध्ये. तिने आपलं बोट बघितलं. ते टेबलावर होतं, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर, आणि ते कुठेही जात नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "भूक लागलीय."

पहिला घास तिने न बघता घेतला. गरम होता, जरा मीठ जास्त होतं, आणि तिच्या आठवणीत इतकं चविष्ट तिने काही खाल्लं नव्हतं. मालकीण तिच्याकडे बघून हसली. खरं, साधं, गिऱ्हाइकाकडे बघून हसतात तसं.

ती थोडा वेळ खात राहिली. मग चमचा खाली ठेवून वर बघितलं.

"हे दिवे बंद होतात का?"

त्याचा घास हातातच राहिला. "बंद? पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. कर बंद."

तो उठला. एक बटण दाबलं, मग दुसरं. खोलीत फक्त रस्त्यावरच्या दिव्याचा ओला, पिवळा उजेड उरला. ताट दिसेना, टेबलाची कड दिसेना. जरा अंदाजाने, खुर्चीला एकदा धडकून, तो परत आला आणि बसला.

"काही दिसतंय का?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि अंधारात हात पुढे केला. तो बरोबर त्याच्या हातात जाऊन पडला.