माणूस आत आहे

दर गुरुवारी चिखलीत लाईट जायची आणि दुपारी चारला यायची, यात नवल काही नव्हतं. नवल होतं पद्मजाच्या वायफायचं. लाईट येऊन राउटर सुरू झाला, की त्यात भरलेलं नाव, पासवर्ड, सगळं साफ! लेकीचा, इराचा, क्लास बुडायचा. शेवटी तिनं दिराला बोलावलं.

निमिष चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला. त्याचा थोरला भाऊ, पद्मजाचा नवरा प्रभाकर, त्याच खात्यात होता. चार महिन्यांपूर्वी दुरुस्तीसाठी तो पत्रा दाबणाऱ्या अजस्र प्रेसमध्ये शिरला आणि प्रेस सुरू झाली. आत जाणाऱ्यानं मेन स्विचला आपलं कुलूप घालायचं, पाटी अडकवायची, चावी खिशात ठेवायची, हा तिथला नियम. प्रभाकरनं कुलूप घातलंच नव्हतं, असं निमिषनं चौकशीत लिहून दिलं होतं. घरचा गॅस दोनदा तपासणारा माणूस तिथंच कसा विसरला? पद्मजा तेव्हापासून नवऱ्यावर धुमसत होती. गेलेल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

"सेव्ह होत नसेल, वहिनी," म्हणत निमिषनं वायफायचं नाव 'इरा', पासवर्ड, सगळं नव्यानं भरलं आणि राउटर बंद करून चालू केला. हिरवे दिवे लुकलुकले. पद्मजानं मोबाइलवरची वायफायची यादी पाहिली. इराचं नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं: माणूस आत आहे.

"भाऊजी, ही कसली थट्टा?"

निमिषनं मागच्या भोकात टाचणी खुपसून राउटर पार कोरा केला. पुन्हा नाव भरलं. पुन्हा तेच आलं. खोलीत मशीनच्या तेलाचा वास पसरला. प्रभाकरच्या कपड्यांना यायचा तोच, दोनदा धुऊनही न जाणारा. निमिषच्या हातातली टाचणी खाली पडली.

"हे... कुठं लिहिलेलं असतं, भाऊजी?"

"पाटीवर... कुलपाच्या."

"ह्यांनी तर कुलूप घातलंच नव्हतं ना?"

तो खाली वाकून टाचणी शोधू लागला.

"घातलं होतं, वहिनी... लाइन थांबली होती, साहेब डोक्यावर बसले होते. मला वाटलं, दादा बाहेर आला. मीच कटरनं..."

"चार महिने माझ्या हातचा चहा पिताय तुम्ही," पद्मजा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आणि मी शिव्या कुणाला घातल्या? ह्यांना! फोटोला हार घालतानासुद्धा... चालते व्हा."

तिनं राउटर हिसकून वायरीसकट उपटला आणि छातीशी धरला. एकेक दिवा विझला. मोबाइलच्या यादीत मात्र ते नाव तसंच होतं, सिग्नलच्या पूर्ण रेघांसह.

निमिष चपला न घालताच निघाला. तो जिन्यापाशी गेला, तशी एक रेघ कमी झाली. खालच्या मजल्यावर पोचला, तशी दुसरी. मग गेटबाहेर त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि गाडी वळणापलीकडे गेल्यावर ते नाव यादीतून गेलं.