रुळांवरून सरकलेलं चर्च

"तुम्ही परत?" मी छत्री मिटता मिटता विचारलं.

तो नुसता हसला. दर शनिवारी मी लोकांना बुखारेस्टमधल्या कम्युनिस्ट काळाच्या खुणा पायी फिरून दाखवते. पण एकच माणूस लागोपाठ तिसऱ्यांदा... आणि तोही इथलाच!

"एव्हाना सगळं पाठ झालं असेल," मी म्हटलं.

"झालंय ना. चुकलात तर सांगीन."

"आगाऊच आहात!"

त्याचं नाव दोरिन. पाऊस नुकताच थांबला होता, लिंडनच्या फुलांचा वास हवेत भरून राहिला होता. हुकूमशहाच्या त्या अवाढव्य महालासमोर मी नेहमीसारखं सांगितलं – इथली अख्खी वस्ती कशी पाडली ते. बाकीचे फोटो काढत होते. दोरिन मात्र रस्त्याकडे बघत राहिला.

सगळे पांगल्यावर तो हळूच म्हणाला, "आईचं घर इथंच होतं. ती त्यावर बोलतच नाही. इकडे फिरकतही नाही."

मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"घेऊन या ना त्यांना."

"नाही यायची..."

"विचारून तर बघा."

पुढच्या शनिवारी दोरिनबरोबर त्याची आई, वेतुरियाकाकू, आल्या. ओठ घट्ट मिटलेले, पर्स छातीशी धरलेली. उंच इमारतींच्या मागं दडलेल्या चर्चपाशी पोचल्यावर मी म्हटलं, "हे पाडायचं टळलं. अख्खं चर्च रुळांवर चढवून इथं सरकवलं."

"माझे बाबा त्याच्याबरोबर चालत होते," काकू एकदम बोलल्या. "भिंतीला हात लावून... एखाद्या म्हातारीला रस्ता ओलांडून द्यावा ना, तसे. आमचं घर तेव्हा पाडून झालं होतं. तरी बाबा हसत होते."

दोरिननं आईचा हात धरला. त्याचे डोळे भरून आले होते. काकू मेणबत्ती लावायला आत गेल्या.

"आता यायचं कारण संपलं म्हणायचं," मी सहज बोलल्यासारखं केलं.

"आईसाठी मी... फक्त पहिल्या वेळी आलो होतो."

"आणि नंतर?"

"नंतर तुमच्यासाठी—"

"अरे, 'तुमच्यासाठी' काय? 'तुझ्यासाठी' म्हण!" डोळे पुसत काकू दारात उभ्या होत्या. "अशानं पोरगी पळून जाईल!"

तो कानांपर्यंत लाल झाला. "रुक्सान्द्रा... कॉफीला येतेस?"

"येते," मी म्हटलं, "पण माझा घसा बसलाय. आता तू बोल."