सात नंबरचा दगड

कुंदा गेली हे कौतिकला केळीच्या शेतात कळलं. ऑक्टोबर १९९५, गुरुवार. तो घड कापून बांधावर ठेवत होता. जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा शिपाई उखर्डू स्कूटरवरून आला आणि स्कूटर चालूच ठेवून उभा राहिला.

"भाऊ... मॅडम वर्गातच कोसळल्या. दवाखान्यात नेलं, पण..."

कौतिकने हातातला घड हळूच खाली ठेवला. मनात पहिली गोष्ट आली ती ही, की रविवारी वाचन घ्यायचं आहे.

हे वाचन कसलं, ते सांगायला नऊ वर्षं मागे जावं लागतं.

चोपड्याच्या अलीकडचा तो रस्ता सगळा काळ्या मातीचा. पावसाळ्यात माती फुगायची, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. केळीची गाडी रुतली की घड गाडीतच पिकायचे. १९८६ साली दिल्लीच्या एका सरकारी खात्याने या रस्त्याच्या दोनशे मीटर तुकड्यावर संशोधनासाठी तीन वर्षांचं अनुदान दिलं. अर्ज केला होता सत्तावीस वर्षांच्या कुंदा मॅडमनी. मातीत चुना आणि दीपनगरच्या वीजकेंद्राची वाया जाणारी राख मिसळून तो तुकडा त्यांनी दाबून घेतला. कडेने सिमेंटचे बारा दगड पुरले, त्यांच्या डोक्यांना लाल रंग दिला. माती फुगली तर दगड वर येणार. किती वर आला, ते दुर्बिणीतून मोजायचं.

पहिल्या वाचनाच्या दिवशी उखर्डू तापाने पडला होता. आकड्यांची उंच पट्टी दगडावर धरायला माणूस नव्हता. कौतिक कोयता घेऊन शेताकडे निघाला होता.

"अहो कोयतेवाले! पाच मिनिटं ही पट्टी धराल?"

"पाचच मिनिटं?"

"खरं सांगू? दोन तास."

कौतिकने कोयता बांधावर टाकला.

"सरळ धरा. डावीकडे कलताय."

"एवढ्या लांबून कसं दिसलं?"

"या दुर्बिणीत सगळं दिसतं. फक्त उलटं. तुमचं डोकं खाली, पाय वर."

"मग माझी टोपी कशी पडत नाही?"

ती एवढी हसली की आकडा चुकला. "हसवू नका हो, कोयतेवाले... पुन्हा घ्यावं लागेल."

मग दर दोन महिन्यांनी पट्टी कौतिकच धरू लागला. त्याला ती बाई नवलाची वाटे. साहेब लोक यायचे, छत्रीखाली चहा घेऊन जायचे. ही मात्र रस्त्यावर गुडघे टेकून माती चिमटीत धरून बघायची, आणि दिसेल त्या गाडीवानाला विचारायची, "नाना, चाक नेमकं कुठे रुतलं?" चुकलेला आकडा ती खोडायची नाही. त्याच्याखाली नवा लिहायची.

१९८८ च्या ऑक्टोबरात ती वहीतले आकडे पुन्हा पुन्हा तपासू लागली. अकरा दगड जागच्या जागी होते. सातवा मात्र वर्षभरात थोडाथोडा करत सहा मिलिमीटर वर आला होता.

"सातवा सोडून द्या ना," कौतिक म्हणाला. "बाकीचे अकरा शहाणे आहेत."

"सरकारने बारा दगडांसाठी पैसे दिलेत, कौतिकभाऊ. सातवा म्हणतोय रस्ता फुगतोय, तर तसंच लिहायला हवं."

"मग अनुदान?"

"तिसऱ्या वर्षाचं बंद होईल." ती म्हणाली, "...माझं इथं येणंही."

त्या शनिवारी सकाळी कौतिक शेतात गेला, तर त्याची आई भिकुबाई लिंबाखालच्या सातव्या दगडाला तेलात कालवलेला शेंदूर लावत होती. नवीन काहीच नव्हतं. आदल्या वर्षी जूनच्या वादळात शेजाऱ्यांची केळी आडवी झाली आणि यांची उभी राहिली, तेव्हापासून दर शनिवारी तिचं हेच चाललं होतं. कौतिक स्वतः त्या दगडाला नमस्कार करून मगच पट्टी टेकवायचा. दुर्बिणीतून दगड लालच दिसे, आणि लाल रंग तर मॅडमनीच दिलेला. आज मात्र तो तसाच एसटीकडे पळाला.

कॉलेजात पोचल्यावर धापा टाकत म्हणाला, "मॅडम, माती नाही फुगली. देव फुगला!"

दुसऱ्या दिवशी कुंदा चाकू घेऊन आली. भिकुबाई दगडापुढे बसून होती.

"पोरी, देव शे तो. देवले कोनी खरडतस का?"

कुंदाने चाकू पिशवीत ठेवला आणि तिच्याशेजारी मातीत बसली. "नाही खरडत, अक्का. पण देवाला दुसरी जागा चालेल का? हे तुम्हीच विचारा त्याला."

म्हातारीने दगडाला हात जोडले. मग कौतिकला म्हणाली, "जाय, नालामझारथून दगड आन. बठ्ठा रस्ता तिन्हा, पन देव मन्हा." रस्ता सगळा कुंदाचा, देव तेवढा म्हातारीचा.

नाल्यातला गुळगुळीत दगड आला. नारळ फुटला. देव बांधावर गेला. मग सातव्याच्या डोक्यावरची शेंदराची खोळ भिकुबाईने स्वतःच्या हाताने सोडवली. कुंदाने तिची जाडी मोजली. बरोब्बर सहा मिलिमीटर. घडलं तसं सगळं तिने अहवालात लिहिलं आणि खोळीचा तुकडा आगपेटीत घालून सोबत दिल्लीला धाडला.

महिन्याभराने पत्र आलं. तिसरं वर्ष मंजूर. सातव्या दगडाचा खुलासा मान्य.

त्या दिवशी कौतिक पट्टी धरून उभा होता आणि दुर्बिणीमागून आकडाच येईना.

"मॅडम... चुकलं का काही?"

"दोन वर्षं तुम्हाला उलटंच बघतेय, कौतिक."

'भाऊ' गळालं होतं. त्याच्या ते लक्षात आलं. त्याने विचारलं, "सरळ बघायचं असेल तर...?"

"तर चालत यावं लागेल."

ती दुर्बीण सोडून निघाली. चाळीस मीटर. तिच्या चपलांचा आवाज जवळ येत गेला. पट्टी पार उजवीकडे कलली, पण कोणी ओरडलं नाही.

लग्नानंतर भिकुबाई सगळ्यांना सांगे, सून देवाने आणली. योजना १९८९ ला संपली. कुंदा तरी दर ऑक्टोबरात वाचन घेत राहिली. दहा पावसाळे बघितल्याशिवाय रस्त्याला चांगला म्हणू नये, असं तिचं म्हणणं. त्या तुकड्यावर आजवर एकही गाडी रुतलेली नाही.

दुर्बीण पेटीत आहे. पट्टी दाराआड उभी आहे. कौतिकने नऊ वर्षं पट्टी धरली, दुर्बिणीत कधी डोळा लावला नाही. या कामाला दोन माणसं लागतात.

वहीत ऑक्टोबरच्या नऊ ओळी भरल्या आहेत. दहाव्या वर्षाचं वाचन घ्यायचं राहिलं आहे.