सुईचं टोपण

पटलं तर घ्या, न्हायतर सोडून द्या. पण माझ्या अक्काची शपथ, यातलं एक अक्षर पदरचं न्हाय.

कसबा बावड्यातलं एक छोटं हॉस्पिटल. सन दोन हजार दोन. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची दुपार. भर दुपार हां! भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलंय?

माझी थोरली बहीण शालन. आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती तिथं नर्स, मी आया. तिला कामाला लावली तानाबाई सिस्टरनी. अक्का त्यांना मावशी म्हणायची. इंजेक्शन द्यायलाबी त्यांनीच शिकवलं. दिलं की सुईला लगेच टोपण लावायचं. डाव्या हातात टोपण, उजव्या हातात सुई...

टक्!

तसंच टोपण लावताना एकदा सुई अक्काच्या डाव्या हाताच्या बोटात घुसली.

तिनं विचारलं, "मावशी, कुणाची सुई हुती ही? त्या पेशंटला काय हाय काय?"

"काय न्हाय गं बाई. स्पिरिट लाव. एवढ्यातेवढ्याला घाबरतीस व्हय?"

अक्कानं स्पिरिट लावलं. मावशीवर तिचा लई विश्वास.

काही वर्षांनी अक्का वाळत गेली. रक्त तपासलं. एड्स.

दाजींचं तपासलं, ते ठणठणीत. मग काय! "कुठं शेण खाल्लंस?" म्हणत सासरच्यांनी तिला बाहेर काढलं. डॉक्टरांनी कामावरनं काढलं. आणि तानाबाई? ज्या मावशीनं हाताला धरून शिकवलं, तीच गल्लीभर सांगत सुटली, "पाय घसरला पोरीचा."

अक्का गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मी काय केलं न्हाय गं. तेवढं तुझ्या दाजींना पटवून दे."

कसं पटवणार? माझं ऐकतंय कोण?

तर अक्का गेल्यानंतरच्या त्या दुपारी ओपीडी संपलेली. ड्रेसिंगच्या खोलीत मी आणि तानाबाई. मी कापसाचे बोळे करत होते, त्या जेवत होत्या. पडद्यामागं कुणी नव्हतं. आत्ताच मी तिकडं झाडून आलते.

पडद्यामागनं आवाज आला...

टक्.

तानाबाईंचा घास तोंडातच राहिला.

परत...

टक्.

"कोण हाय गं तिकडं?"

मी पडदा ओढला. कुणी न्हाय. रिकामा ट्रे. आणि स्पिरिटचा वास.

"आई गं!" मागं तानाबाई ओरडल्या. डाव्या हाताच्या बोटावर रक्ताचा थेंब. जवळ ना सुई, ना काच.

"कुणाची... कुणाची सुई हाय ही?"

आणि अगदी कानाजवळ, आमच्या अक्काच्या आवाजात...

"काय न्हाय मावशी. स्पिरिट लाव."

तानाबाईंनी हात जोडले. "शालन, माफ कर गं! मला म्हाईत हुतं त्या पेशंटला काय हाय ते. डॉक्टरच म्हणले, सांगितलंस तर सगळ्या पोरी काम सोडून जातील..."

माझी भीती कुठल्या कुठं गेली. अंगाची नुसती लाही लाही झाली. म्हाईत हुतं! आणि हीच बाई माझ्या बहिणीच्या मयताला येऊन गळा काढून रडलीती!

"चला," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता हे दाजींसमोर बोला."

तानाबाईंनी डोळे पुसले. माझ्याकडं सरळ बघितलं.

"काय बोलू? मी कुठं काय बोलले?"

बोटावर दुसरा थेंब आला...

आता त्या घरात बसून असतात. बोटाला कायम कापूस. सगळे रिपोर्ट चांगले, पण रक्त थांबत न्हाय. दर दसऱ्याला मी जाते. विचारते, "आता तरी सांगता दाजींना?"

"मी कुठं काय बोलले?"

कापूस लाल होतो.

परवा गेलते, तेव्हा मात्र नुसत्या माझ्या हाताकडं बघत राहिल्या.

घरी येऊन पिशवी उघडली. तळाला सुईचं टोपण. मी हॉस्पिटल सोडून कैक वर्षं झाली.

दाजींना पटवायचं राहिलं म्हणून व्हय, अक्का? मी तर तुझीच की गं...

टोपण रिकामं हाय. पिशवी उलटी करून झटकली, अंगावरची साडी झटकली.

सुई घावत न्हाय.