मध्येच थांबायची जागा

"डोळे उघडे ठेवा. हलू नका."

थेंबांची बाटली घेऊन ती त्याच्यावर वाकली होती. मामांच्या दवाखान्यात पेशंटच्या डोळ्यांत औषध घालायचं आणि चष्म्याचा नंबर काढायचा, हे तिचं काम. खुर्चीतला तरुण दिसायला बरा होता. पापण्या तर उगाचच लांब — पुरुषाला काय करायच्यात एवढ्या? मनातला हा आगाऊपणा झटकायला तिनं विचारलं,

"काय काम करता? डोळे फार शिणलेत."

"रस्त्यांचे आराखडे काढतो. पालिकेत."

"कुठले रस्ते?"

"हा तुमच्या दारातला माझाच की!" त्यानं ऐटीत सांगितलं.

थेंब त्याच्या नाकावर पडला.

"तुमचा? हा… हा तुमचा पराक्रम?"

"फटाकडी," आतून मामांचा आवाज आला, "पेशंट आहे तो. चावू नकोस."

तिनं दात-ओठ खात उरलेले थेंब नीट घातले. औषधानं बाहुल्या मोठ्या होतात, मग दोन-चार तास उजेड सहन होत नाही, समोरचं सगळं धूसर. बसथांबा पलीकडे. रस्ता रुंद झाल्यापासून गाड्या सुसाट सुटायच्या आणि ओलांडायचे पट्टे मारले होते ते पार वळणापल्याड. म्हणून प्रत्येक पेशंटला ती हाताला धरून पलीकडे सोडून यायची. दवाखान्याची रीतच होती ती.

आज त्याची तपासणी उरकल्यावर तिनं रीत मोडली.

"तुमचाच रस्ता आहे ना? मग जा की एकटे!"

ती पायरीवर हाताची घडी घालून उभी राहिली. त्यानं कपाळावर पंजा धरला, एक पाऊल टाकलं… मागे घेतलं. पुन्हा टाकलं. एक दुचाकी त्याच्या बाहीला वारा घालून गेली. मग तो बिचारा नुसताच उभा राहिला, बाजारात हरवलेल्या पोरासारखा. तिचा राग तसूभरही कमी झाला नव्हता, पण पाय आधीच धावले होते.

त्याचा हात गारठलेला होता. अर्ध्यावर पोचले तोच दोन्हीकडून हॉर्न सुरू झाले. मागे जाता येईना, मध्ये थांबायला जागा नाही. दोघं अक्षरशः पळत सुटले.

"मला काहीच दिसत नव्हतं," पलीकडे पोचल्यावर तो धापा टाकत म्हणाला.

"आराखड्यात दिसत होतं ना सगळं?"

"आराखड्यासाठी मी गाड्या मोजल्या होत्या…"

"आणि माणसं?"

मग तिनं त्याला पोस्टमास्तर आजोबांचं सांगितलं. चष्मा न्यायला ते आले होते, पण तो अजून तयार नव्हता. त्या दिवशी डोळ्यांत थेंब नव्हते, म्हणून ती सोबत गेली नव्हती. परत जाताना गाडीनं त्यांना उडवलं, खुब्याचं हाड मोडलं. पालिकेनं कळवलं, पादचाऱ्याचा निष्काळजीपणा. नंतर तयार झालेला चष्मा अजून तिच्या खणात पडून होता.

"निष्काळजी ते होते का हो?" तिचा आवाज चिरकला. "सांगा ना!"

"नाही," तो म्हणाला. "मी होतो."

एवढा सरळ कबुलीजबाब तिला अपेक्षितच नव्हता. त्याचाही तिला राग आला.

मग तो वरचेवर येऊ लागला. कधी रस्ता मोजायची फीत घेऊन, कधी नुसताच. लोक खरे कुठून ओलांडतात ते तिला विचारायचा.

"इथून. दवाखान्याच्या दारातून. आणखी कुठून ओलांडतील, तुमच्या डोक्यावरून?"

"चालेल. डोक्यावर तर तुम्ही आधीच बसलाय."

"लाडात येऊ नका. रस्ता आधी!"

पण तो गेल्यावर ती आरशात बघायची. मामा खोकायचे.

एका रविवारी त्यानं ड्रम आणि रंग आणून रस्ता आवळला. गाड्यांची वाट अरुंद झाली, दवाखान्यासमोर पट्टे आले, मधोमध कुंड्यांच्या कडेचा एक ओटा. अर्धा रस्ता ओलांडायचा, ओट्यावर थांबायचं, मग उरलेला. प्रयोग म्हणून परवानगी मिळाली होती. गाड्या हळू झाल्या. आणि पंधरवड्यातच साहेबांचा हुकूम आला — गाडीवाल्यांचा खोळंबा होतो, सगळं उचला.

"आणि तुम्ही उचलणार?" ती कडाडली.

"मी सही केली नाही. पण ट्रक निघालाय."

ट्रक आला तेव्हा तो ओट्यावर उभा होता. एकटाच, छातीशी आराखड्याची गुंडाळी. लांबून ती त्याला बघत राहिली. तिनं थेंब घातलेल्या एका आजींचा हात धरला आणि त्यांना घेऊन ओट्यावर आली. दुसऱ्या पेशंटला मामांनी आणलं. आणि मग थांब्याकडून, वॉकर टेकत, बायकोचा हात धरून पोस्टमास्तर आजोबा निघाले. ओट्यावर पोचून त्यांनी श्वास घेतला.

"चष्मा तयार आहे ना गं? उशीर झाला जरा."

तिला रडूच फुटलं.

ट्रकवरचा मुकादम खाली उतरला, सगळ्यांकडे बघितलं आणि साहेबांना फोन लावला. "माणसं उभी आहेत साहेब. मी नाही उचलत. तुम्ही या, तुम्ही उचला." साहेब आले नाहीत. ट्रक रिकामाच परतला.

सगळे आजोबांना घेऊन दवाखान्यात गेले. ओट्यावर दोघंच उरले.

"माझी बदली होईल बहुतेक," तो म्हणाला.

"होऊ दे! त्यांची हिंमत कशी… आणि तू असा ट्रकसमोर उभा राहतोस? काही झालं असतं तर? मी काय करायचं होतं मग?"

रागात ती काय बोलून गेली, ते तिला उशिरा कळलं. गाल तापले.

"बरेच दिवस मलाही एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "दर वेळी ओलांडताना सांगेन म्हणायचो, पण… या रस्त्यात थांबायला जागाच नव्हती."

"आता आहे."

"मला तू आवडतेस. खूप."

दोन्ही बाजूंच्या गाड्या त्यांच्यासाठी थांबल्या होत्या. एकानं हात करून 'जा' म्हटलं. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"आज माझ्या डोळ्यांत थेंब नाहीत," तो हसून म्हणाला. "सगळं दिसतंय मला."

"आजोबांनाही दिसत होतं," ती म्हणाली, आणि हात न सोडता त्याला पलीकडे घेऊन गेली.