न विचारता बदललेला केक

बागेतल्या मोठ्या आकाशपाळण्याची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती, ताईची जीभ मात्र सुसाट सुटली होती. ऊन चढलंय, टोपी घाल. पाणी पी. मघाशी नीट खाल्लंस ना? हातावरचं यंत्र काय म्हणतंय?

"यंत्र म्हणतंय, ताईला जरा गप्प बसव," धाकटी म्हणाली.

पलीकडून कोणीतरी खुदकन हसलं.

तिने वळून पाहिलं. रांगेच्या लोखंडी कठड्याला लागूनच केकचं दुकान होतं. इतकं जवळ, की रांगेतल्या माणसाने नुसता हात लांबवला तरी बशी हातात यावी. काउंटरमागे पांढऱ्या एप्रनमधला एक तरुण उभा होता. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या केकचा गरम वास त्याच्या मागून दरवळत होता, आणि त्याचे डोळे... एकदा पाहून भागलं नाही म्हणून तिने पुन्हा पाहिलं.

"गालाला चॉकलेट लागलंय तुमच्या," ती म्हणाली.

"जाहिरात आहे ती."

"मग दुसरा गाल का रिकामा ठेवलाय?"

"तिथली जागा अजून कोणी घेतली नाहीये," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजून बरणी पुसायला लागला.

ताईने घसा खाकरला. ताईचं खाकरणं म्हणजे घरात पोलिसाची शिट्टीच. धाकटीला लहानपणापासून मधुमेह होता. खाण्याआधी इन्सुलिनची सुई, दंडावर साखर मोजणारी पांढरी चकती, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं, पण घरच्यांच्या नाही. सव्वीस वर्षांची घोडी झाली तरी घरात ती बारकीच. आता या शहरातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात तिला कापड बेतायची नोकरी मिळाली होती, आणि आईचं मन काही धजत नव्हतं. शेवटी आईने तोडगा काढला. ताईबरोबर जा, खोली बघ, दिवसभर मनमुराद हिंड. साखर सांभाळलीस तर राहा खुशाल, नाहीतर नोकरीचं नाव काढायचं नाही. तेव्हा ही सहल नव्हतीच. परीक्षा होती, आणि परीक्षक शेजारीच टोपी घेऊन उभी होती.

"तो चॉकलेटचा केक," धाकटीने विचारलं, "एका तुकड्यात साखर किती, मैदा किती?"

तो थबकला. "लोक मला विचारतात, वर सॉस जास्त मिळेल का. हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"मग सांगा की. का गुपित आहे?"

"तुमच्यासाठी नाही," असं म्हणून त्याने खरंच सांगितलं, अगदी सॉससकट. सांगता सांगता त्याची नजर तिच्या दंडावरच्या चकतीवर गेली आणि तिथेच जरा घुटमळली.

"बारके, केक?" ताई कुजबुजली.

"चालतो मला, ताई. हिशोब करून चालतो. किती वर्षं सांगतेय?"

तो तुकडा आणायला आत वळला. धाकटीने ताईच्या आडोशाला उभं राहून मनातल्या मनात आकडेमोड केली, इन्सुलिनच्या पेनचा आकडा फिरवला आणि पोटात सुई टोचून घेतली. सगळं झटक्यात. वर पाहते तो बशी कठड्यावर हजर.

तिने पहिला घास घेतला. तो काउंटरवर कोपरं टेकून बघत होता... जरा जास्तच लक्ष देऊन.

"कसा झालाय?"

"छान! बदाम आहेत का यात?"

"असतील थोडे," तो म्हणाला आणि उगाचच दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

रांग चार पावलं सरकली, पुन्हा थांबली. रांग वळसे घेत पुन्हा दुकानापाशीच येत होती, आणि दर वळशाला दोघांची नजरानजर होत होती. एकदा त्याने रिकाम्या गालाकडे बोट दाखवलं. एकदा तिने ताईची टोपी घालून दाखवली. इतकं हसू येत होतं की हात थरथरतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

मग घाम फुटला. चकतीला जोडलेला फोन किणकिणला. साखर खाली, बाण खाली, आणि वेगाने.

असं कसं? हिशोब तर बरोबर होता... आणि तेही नेमकं परीक्षेच्या दिवशी! पण हात आपसूक खिशात गेले. ती तिथेच कठड्याला टेकून खाली बसली आणि ग्लुकोजच्या गोळ्या एकामागून एक चावून खाऊ लागली.

ताईचा चेहरा मात्र पांढराफटक झाला, आणि घाबरली की ताई ओरडायची. "बघितलंस? मी म्हटलं होतं ना! गोड खाल्लं की हे असं होतं. एक दिवस, बारके, एक दिवस नीट काढता आला नाही तुला! आता आईला काय सांगू मी?"

धाकटीला बोलायचं होतं, पण तोंडात गोळी होती आणि डोळ्यांत पाणी.

"ताई, त्यांना रागावू नका हो!" कठड्यापलीकडून केकवाला कळवळून म्हणाला. "त्यांनी गोड खाल्लंच नाही. मी त्यांना बिनसाखरेचा दिला होता. बदामाच्या पिठाचा."



"काय?" धाकटीने मान वर केली. "मी इन्सुलिन घेतलं होतं. अख्ख्या तुकड्याचं. साखरेच्या, मैद्याच्या केकचं!"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. एप्रन तसाच, चिमटा हातात, त्याने कठड्यावरून उडी मारली आणि परत मागे वळून आत धावला, कारण फळांचा रस आतच राहिला होता. परत आला तेव्हा रस निम्मा त्याच्या शर्टावर होता. उरलेला ती घटाघट प्यायली.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसून राहिला. "माझी मावशी मधुमेहाच्या गोळ्या घेते, सुई नाही. चारचौघांत कोणी त्या आजाराचं नाव काढलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिच्यासाठी शिकलो मी हा केक. वाटलं, तुम्हाला न बोलता द्यावा... तुमचा मान राहील." त्याने ताईकडे पाहिलं. "चूक माझी आहे. यांची काडीचीही नाही."

धाकटी त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत साखर वर जावो की खाली, बोट तिच्याकडेच दाखवलं गेलं होतं. चूक माझी, असं म्हणणारं माणूस तिने आज पहिल्यांदा पाहिलं. तिला त्याचा संताप आला होता, खराखुरा. तरीही छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटत होतं. हिशोब चुकला नव्हता. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

"विचारायचं होतंत," ती म्हणाली. "माझ्या तोंडाला काय कुलूप होतं?"

"नव्हतं," तो कबूल झाला. "चांगलंच चालतं की ते."

तिला हसू फुटलं. फोनवरचा बाण आडवा झाला, मग हळूच वर वळला. ताई तो बाण बघत होती, आणि मग कितीतरी वेळ बहिणीकडे. इतक्यात आईचा फोन आला. धाकटीने श्वास रोखला.

"हो, आई, मध्ये साखर उतरली होती," ताई म्हणाली. "नाही गं, तिची चूक नव्हती. काय केलं म्हणजे? तिनेच केलं सगळं. मी नुसती किंचाळत होते, ती शांत होती." ताईने बहिणीच्या कपाळावरचा घाम पुसला. "आई... खोली घेऊ दे तिला. राहील ती."

धाकटी ताईच्या गळ्यातच पडली, आणि दोघी भर रांगेत रडल्या-हसल्या. मागच्या लोकांनी "पुढे सरका" म्हटल्यावर भानावर आल्या.

साखर पुरती स्थिरावली तेव्हा पाळण्याचं दार समोर होतं. ताईने वर पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. "मला नाही जमायचं बाई. अहो केकवाले, तुमची सुट्टी कधी होते?"

"झालीच," तो म्हणाला. दुकानातून कोणीतरी ओरडलं, पण त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पाळणा वर गेला. झाडं, छपरं, रांग, टोपी हातात घेतलेली ताई, सगळं हळूहळू लहान झालं. वारा तिचे केस त्याच्या खांद्यावर उडवत होता, आणि तो अंग चोरून बसला होता.

"पुढच्या महिन्यात मी इथे राहायला येतेय," ती म्हणाली.

"ताई फोनवर बोलल्या तेव्हा ऐकलं मी," तो म्हणाला. "तेव्हापासून... म्हणजे, त्याच्या आधीपासूनच... तुम्ही मला फार आवडलात. हे आत्ता बोलायला नको होतं का? मघाशीच तुमचा जीव घाबरा केला मी."

"बोललात ते बरं केलंत."

पाळणा टोकाला पोचला आणि जरासा हेलकावला. त्याचा हात पुढे आला... आणि मध्येच थांबला.

"हात धरू का तुमचा?" त्याने विचारलं. "नको असेल तर नको म्हणा. मी ऐकेन."

लोकांनी तिला आजवर खूप सांगितलं होतं. काय खा, काय नको, कुठे जा, कुठे नको. विचारून उत्तराची वाट बघत बसलेला हा पहिलाच. तिने मुद्दाम थोडा वेळ घेतला. खरं तर उत्तर केव्हाच तयार होतं, पण कोणीतरी आपल्या उत्तरासाठी जीव मुठीत धरून थांबलंय, हे सुख तिला जरा पुरवून पुरवून घ्यायचं होतं.

"धरा," ती म्हणाली.